पातळ पाइप

विलासच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो त्या दिवशी कुळथाची पिठी होती, भात होता आणि तव्यावर नुसते मीठ-मसाला लावून भाजलेले बांगडे. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला त्यांची खोली. खाली मसाला कुटायची गिरणी होती, त्यामुळे मार्चपासून जूनपर्यंत त्या घरात कुणी ना कुणी शिंकत असायचं आणि दिवसभर जमिनीतून धप्‌ धप्‌ असा एक आवाज वर यायचा. काही दिवसांनी तो ऐकू येईनासा होई, आणि रविवारी गिरणी बंद असली की काहीतरी चुकल्यासारखं वाटे. त्या आवाजावर विलासच्या आईचं शिवणयंत्र चालायचं. विलासचे वडील कापडगिरणीत कामाला असतानाच वारले होते. मागे ती, विलास आणि धाकटी सुनंदा. मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. माझा पत्ता सांगितला आणि नाव मिलिंद म्हटलं की पुढचं लोकांना न विचारता कळायचं, आणि काहीजणांचा पाण्याचा पेला हातातल्या हातात थबकायचा. विलासच्या आईला, म्हणजे काकीलाही कळलं असणार. तिने एवढंच विचारलं, "बांगडो खातस मा रे?" मी हो म्हटलं. तिने विलासच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं, आणि दोन बांगड्यांतला मोठा माझ्या ताटात टाकला. विलास म्हणाला, "आये, मी कोण आहे मग?" ती म्हणाली, "तू रोजचोच."

हे सगळं मी आज लिहायला बसलोय ते त्याच वरळीत, पण बाविसाव्या मजल्यावर. चाळी पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. खिडकीतून समुद्राकाठचा नवा रस्ता दिसतो आणि त्यावरून पळणाऱ्या गाड्या. इतक्या वरून आवाज येत नाही, पण कुठली गाडी किती वेगात आहे, कोण वळणाआधी पाय उचलतंय आणि कोण उचलत नाहीये, हे मला अजूनही कळतं. बायको म्हणते, सारखं काय बघता त्या रस्त्याकडे. मी तिला विलासबद्दल सगळं सांगितलंय. फक्त एक गोष्ट सोडून. ती इथे लिहितो.

विलास माझगावला गोदीत फिटर होता, आणि मी एका कंपनीचा डिलिव्हरीचा टेम्पो चालवत होतो. ओळख झाली ती टेम्पोचा क्लच गेल्यावर. तो रस्त्यानं चालला होता, थांबला, डबा बाजूला ठेवला आणि गाडीखाली शिरला. पुढे आम्ही दोघांनी मिळून टॅक्सीतून काढलेली एक जुनी फियाट घेतली आणि लोअर परळला एका बंद गिरणीच्या भिंतीला टेकून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यावर काम सुरू केलं. मुंबईपासून चारेक तासांवर गवतात गेलेली एक जुनी विमानांची धावपट्टी होती. वर्षातून दोन-तीनदा तिथे शर्यती व्हायच्या. खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या वेगळ्या, आणि आमच्यासारख्यांच्या वेगळ्या. आमच्या वर्गात गाडी तीच, जी रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावते. इंजिनात हात घालायची मुभा होती, सीट काढून टाकायची मुभा होती. एका गोष्टीत मात्र सूट नव्हती. छपराच्या आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा असलाच पाहिजे. गाडी उलटली तर छप्पर चेपून माणसावर येऊ नये म्हणून.

तो पिंजरा विलासने बांधला. गोदीत जहाजाची कामं केलेला माणूस. त्याचं वेल्डिंग बघायला शेजारच्या गॅरेजमधले लोक यायचे. जाड पाइप, प्रत्येक सांध्याला आतून पट्टी. ड्रायव्हरला बांधायचे पट्टे त्याने ट्रकवर माल बांधायच्या जाड पट्ट्यांपासून केले, चार बाजूंनी छातीवर येणारे, आणि मला त्यात बसवून इतके आवळले की मला श्वास घेता येईना. "सैल कर रे," मी म्हणायचो. "श्वास कमी घे," तो म्हणायचा. मग काकी एकदा शेडवर आली, डबा घेऊन. आत डोकावली आणि पाइपांना हात लावून बघितला. "ह्या लोखंडार डोक्या आपाटला तर?" असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जुन्या गोधडीचे तुकडे आणि दाभण घेऊन आली. दोन दुपारी त्या तापलेल्या पत्र्याखाली बसून तिने डोक्याजवळचा प्रत्येक पाइप गोधडीत गुंडाळून शिवून टाकला. वर विलासने काळा रेक्झिन चढवला.

गाडी चालवायचो मी. माझ्यात ती गोष्ट होती. हे आता म्हातारपणी बढाई म्हणून सांगत नाही. उलट ती नसती तर बरं झालं असतं. मागचं चाक सुटायला लागलं की ते मला स्टिअरिंगमध्ये कळायच्या आधी पाठीच्या मणक्यात कळायचं. रविवारी सकाळी रे रोडच्या गोदामांमधले रस्ते रिकामे असायचे. तिथे मी वळणं घ्यायचो आणि विलास शेजारी बसून घड्याळ बघायचा. तोही चालवायचा, पण शिकून चालवल्यासारखा. प्रत्येक वळणाला तो ठरल्या जागी पाय उचलायचा, ठरल्या जागी गिअर टाकायचा, आणि माझ्यापेक्षा दोन-तीन सेकंद मागे राहायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. मला मात्र त्याच्या सावधपणाची चीड यायची. एकदा मी चिडून म्हटलं, "तुला माझ्यावर विश्वास नाय का?" तो म्हणाला, "तू भारी चालवतोस, मला माहितीय. पण समोरच्याला माहीत नाय ना. मागून येणाऱ्याला पण माहीत नाय." मी हसलो. बावीस-तेवीस वर्षांचा होतो.

पहिल्या दोन शर्यतींत मी चौथा आलो आणि तिसरा आलो. दोन्ही वेळा माझ्या पुढे राहिले ते दोघे सरळ पट्ट्यावर पुढे जायचे, वळणांवर नाही. गाडी जड होती. मी रोज ते डोक्यात घोळवत होतो. ड्रायव्हरची सोडून बाकी सीट काढल्या, दारांचे आतले पत्रे काढले, मागची काच काढून प्लास्टिक लावलं. आता जड असं एकच काहीतरी उरलं होतं, आणि त्याबद्दल विलासशी बोलणं शक्य नव्हतं.

गणपतीत विलास, काकी आणि सुनंदा दहा दिवस कणकवलीला गावी गेले. त्या दहा दिवसांत मी ते केलं. शेजारच्या गल्लीतल्या एका वेल्डरला आणलं. रेक्झिन उसवलं, गोधडीचे टाके कापले, छपराखालचे दोन आडवे पाइप आणि ड्रायव्हरच्या बाजूचा उभा पाइप कापून काढला. त्यांच्या जागी बाहेरून तेवढेच जाड दिसणारे, पण आत पत्र्यासारखे पातळ पाइप बसवले. शाळेतल्या बाकांना असतात तसे. वेल्डर म्हणाला, "यह तो घुटने से मुड़ जाएगा, भाई." मी म्हटलं, "मोड़ना किसको है?" आम्ही काळा रंग दिला. मी स्वतःला जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. पिंजरा उलटणाऱ्यासाठी असतो, आणि मी उलटणार नाही. यात मला खोटं काही वाटलं नाही. माझं कौशल्य हीच माझी सुरक्षा, असं मी खरोखर मानत होतो.

काकी गावाहून आली तशी मी गोधडीचे तुकडे घेऊन तिच्याकडे गेलो. "काकी, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी टाके जळले. परत शिवून द्याल?" ती प्रवासाची दमलेली होती. तरी दुसऱ्या दिवशी शेडवर आली आणि त्या पातळ पाइपांभोवती तिने पुन्हा गोधडी शिवली. टाका ओढताना ती पाइपावर हात दाबून धरायची. मी बाजूला उभा राहून तिला दोरा तोडून देत होतो. विलास गोदीतून सुटायच्या आत मी वर रेक्झिनही चढवून टाकलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तपासनीस आला. त्याने पिंजरा डोळ्यांनी पाहिला, हाताने एकदा हलवला, वहीत खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. मला हायसं वाटलं. एक वेळ मनात आलं होतं की तो पकडेल, आणि पकडलं तर विलाससमोर काय होईल. पकडलं असतं तर, हा विचार मी त्यानंतर किती वेळा केला असेल. नंतर मी बस डेपोत नोकरीला लागलो, पुढे पोरांच्या शर्यतींना गाड्या तपासायला मला बोलवायला लागले. मी प्रत्येक पाइपाला भोक पाडून आतून मोजायला लावायचो. पोरं वैतागायची, मागे शिव्या द्यायची. एकाने तोंडावर विचारलं, "काका, पूर्वी कुणी मोजत होतं का असं?" मी म्हटलं, नाही.

त्या दिवशी सकाळचा सराव झाला. गाडी इतकी हलकी लागत होती की मी वेड्यासारखा हसत होतो. सरळ पट्ट्यावर मी त्या दोघांच्या बरोबरीने गेलो. परत आलो तर इंजिन तापलेलं. विलास पाणी आणायला गेला आणि मी घाईत फडकं न घेता रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेने माझा उजवा हात मनगटापर्यंत सोलून निघाला. तिथल्या डॉक्टरांनी मलम लावून हात बांधला आणि सांगितलं, स्टिअरिंग धरायचं नाही.

मी एका ड्रमवर बसलो होतो. आजूबाजूला लालबागहून आलेली आमची पोरं, कुणीतरी ट्रक करून आणलेली, ढोल घेऊन. विलास माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी चालवू?" तो म्हणाला.

मी हाताची पट्टी बघत होतो.

"नंबर येणार नाही, माहितीय. पण एवढी पोरं आलीयत. शेवटपर्यंत तरी नेतो. की सोडून देऊ?"

तो खरंच विचारत होता. मी नको म्हटलं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. मला फक्त नको म्हणायचं होतं. कारणही सांगायची गरज नव्हती. इंजिनावर भरवसा नाही एवढं पुरलं असतं. पण मला वाटलं की हा तर हळूच चालवतो. हा कुठे उलटणार. माझ्यासारखा जो चालवतो त्यालाच धोका असतो, हा तर ठरल्या जागी पाय उचलतो. हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं, आणि मी म्हणालो, "जा."

त्याने हेल्मेट घातलं. मी एका हाताने त्याचे पट्टे आवळले. "घट्ट झाले?" मी विचारलं. "श्वास कमी घेतो," तो म्हणाला.

तिसऱ्या फेरीत झालं ते. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. शेवटच्या वळणावर पुढची एक गाडी फिरली आणि आडवी झाली. विलासने जे करायला हवं तेच केलं. ब्रेक दाबला, गवताकडे जागा होती तिकडे गाडी घेतली. मागून येणाऱ्याला ते दिसलं नाही. त्याने आमच्या गाडीला मागच्या चाकावर धडक दिली, ती कडेच्या गवताच्या गठ्ठ्यांवर चढली आणि कुशीवर वळून छपरावर पडली. एकदाच. मी खूप मोठे अपघात पाहिलेत. हा तसा नव्हता. त्या वेगात उलटलेल्या गाडीतून माणूस शर्ट झटकत बाहेर यायला हवा. आमची पोरंसुद्धा ओरडली ती गमतीने, त्यांना वाटलं आता विलास बाहेर येऊन हात हलवेल. मी पळत सुटलो होतो. लांबूनच मला दिसलं की ड्रायव्हरच्या बाजूचं छप्पर दारापर्यंत आलंय.

तो जिवंत होता. शुद्धीत होता. म्हणाला, "मिल्या, पाय अडकलेत का बघ." पाय कुठेच अडकले नव्हते.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तो पाच महिने होता. मानेचा मणका मोडला होता. हात खांद्यातून थोडे हलायचे, बोटं नाही. मान वळायची. बाकी काही नाही. काकी पहिल्या दिवशी खाटेजवळ उभी राहिली आणि त्याच्या पायाचा अंगठा धरून हलवत राहिली, झोपेतून उठवताना हलवतात तसा. मग माझ्या बांधलेल्या हाताकडे बघून तिने विचारलं, "तुका खूप भाजला काय रे?"

गाडी ट्रकवर घालून शेडमध्ये आणली होती. हॉस्पिटलातून परत येताना एका दुपारी मी शेडला कुलूप आतून लावलं आणि डाव्या हाताने करवत धरून ते पाइप कापले. गोधडीसकट भंगारवाल्याला दिले. चौकशी अशी काही झालीच नाही. लोकांनी म्हटलं, शर्यत म्हणजे असं होतंच. नशीब. आमच्या चाळीत आणि त्याच्या चाळीत हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, आणि मी मान डोलवत होतो.

विलास घरी आल्यावर मी रोज संध्याकाळी जायचो. त्याला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, मागे पावडर लावणं हे मी आणि सुनंदा करायचो. तो पूर्वीसारखाच बोलायचा, कमी. एकदा त्याने छताकडे बघत हिशेब लावावा तसं विचारलं, "मी सांध्याला पट्टी कमी लावली का रे? कुठेतरी माझं वेल्डिंग चुकलं." पुन्हा काही दिवसांनी तेच. मग रोज. तो त्या पाइपांचा एकेक सांधा आठवायचा, कुठल्या दिवशी कुठला मारला, वेल्डिंगचा रॉड ओला होता का. वर्ष होत आलं होतं. ते ऐकणं मला जमेना. एका संध्याकाळी काकी खाली भाजी आणायला गेली होती, सुनंदा कामावर. मी त्याला सगळं सांगितलं. वेल्डर, शाळेच्या बाकाचे पाइप, गोधडी, भंगार. सगळं.

खालून गिरणीचा आवाज येत होता.

"वेल्डिंग माझं नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी विचारलं होतं तुला. की सोडून देऊ."

"हो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. मी हात पुढे केला. "हात लावू नको," तो म्हणाला. मग गॅलरीत काकीच्या चपला वाजल्या, आणि तो भरभर, हळू आवाजात बोलायला लागला. "आईला सांगायचं नाय. ती तुला माझ्यासारखाच समजते. माझं असं झालंय आणि आता तू असा निघालास तर ती मरेल. रोज येऊ नको. रविवारी यायचं. जेवायचं. काय झालंच नाय असं बसायचं. कळलं?"

काकी आत आली. पिशवी ठेवली. म्हणाली, "दोगांय रडतास कित्याक?" विलास म्हणाला, "मसाल्याचं गेलं डोळ्यांत."

त्यानंतर पस्तीस वर्षं मी दर रविवारी त्या घरी जेवलो. माझं लग्न झालं, मुलं झाली, तीही कधी कधी यायची. खालची गिरणी बंद पडली. शेड गेली, तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. काकी मला मोठा तुकडा वाढायची आणि मग चमच्याने विलासला भरवायची. तो माझ्याशी बोलायचा, क्रिकेटचं, डेपोचं, हसायचासुद्धा. आई पाणी आणायला उठली की बोलणं तिथेच थांबायचं, आणि ती परत बसली की पुढे सुरू. काकी एकदा जिन्यापर्यंत सोडायला आली आणि माझा हात धरून म्हणाली, "तू येतस म्हणान तो जेवता रे. नायतर आठवडोभर चार घास." मी खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसलो होतो, किती वेळ ते आठवत नाही.

परवा माझ्या नातीने फोनवर परदेशातली एक शर्यत दाखवली. रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच दिसणाऱ्या गाड्या, गोल मैदान, एकमेकींना चिकटून पळणाऱ्या. एक गाडी भिंतीला लागली, हवेत गेली, पाच-सहा वेळा उलटली, तिचे तुकडे झाले. आणि ड्रायव्हर खिडकीची जाळी बाजूला करून बाहेर आला, हात वर केला. "आजोबा, काहीच नाही झालं त्याला!" ती म्हणाली. मी तिला ते परत लावायला सांगितलं. ती समजली मला मजा वाटतेय. मी त्या उघड्या पडलेल्या सांगाड्यातला ड्रायव्हरच्या डोक्याजवळचा पाइप बघत होतो. तो जराही वाकला नव्हता.

काकी पावसाळा संपताना गेली, झोपेतच. तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी लालबागच्या बाजारातून बांगडे घेतले आणि नेहमीसारखा वर गेलो. सुनंदा आता भावाचं करायला तिथेच राहत होती. तिने पिशवी घेतली आणि मोरीत मासे साफ करायला बसली. मी विलासच्या खाटेजवळ स्टूल ओढलं.

"आई गेली," तो म्हणाला.

"हो."

"आता तू नाय आलास तरी चालेल."

"मी येईन रे."

"मी नको म्हणतोय." त्याचा आवाज शांत होता. "दर रविवारी तुला जेवताना बघायचो. म्हटलं इतकी वर्षं, कधीतरी राग जाईल. तू तसा वाईट नाहीस, माहितीय मला. खूप प्रयत्न केला, मिल्या. नाय गेला. आता कोणासाठी बसवून घेऊ तुला समोर?"

माफ कर हे मी त्याला पस्तीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आणि त्या वेळी म्हणणं म्हणजे त्याच्याकडे अजून काहीतरी मागणं झालं असतं. मी उठलो, स्टूल जागेवर ठेवलं. दारात चपला घालताना सुनंदाने मोरीतून मान वर केली. हात माशांचे होते. "अरे, दादा, चाललात कुठे? भात टाकलाय ना मी," ती म्हणाली. मी वळून विलासकडे पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"आज जरा काम आहे," मी सुनंदाला म्हटलं, आणि गॅलरीतून चालत जिन्याकडे गेलो.